समदी हायत

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. आमचा जुना जमादार मागच्या पावसाळ्यात निपाणीत वारला, आणि त्या दिवशी मी घरी मुद्दाम पुरणपोळी करायला लावली. सण नाही, वार नाही, पोळी कशाला, म्हणून घरच्यांनी विचारलं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली मी बेळगावबाहेरच्या एका लहानशा वेड्यांच्या इस्पितळात वॉर्डर होतो. माझ्या जोडीला सदलग्याचा एक वयस्क वॉर्डर होता. त्याला सगळे अण्णा म्हणायचे, वेडेसुद्धा. कानडी रोग्याशी तो कानडीत बोले, मराठी रोग्याशी मराठीत, आणि जो कुठल्याच भाषेत बोलत नसे त्याच्याशेजारी तंबाखू मळत नुसता बसून राही. मला हे काम त्यानंच शिकवलं.

आमच्याकडे एक रीत होती. पाळी बदलताना वॉर्डाची किल्ली खाली ठेवायची नाही, खुंटीलाही लावायची नाही. ती हातातून हातात द्यायची, आणि देणाऱ्यानं खाटेमागून खाट नाव घेऊन शेवटी म्हणायचं, "समदी हायत." कोणाला ताप असला, कोणी पळाला असला, तर तेही तिथंच बोलायचं. हे झाल्याशिवाय घेणारा हात पुढं करत नसे.

साथीत आमचे डॉक्टर गावातल्या रोग्यांनाच पुरे पडेनात. आठवड्यातून एकदा टांग्यानं येऊन जायचे. आणि ज्याच्या नुसत्या खोकण्याला आम्ही सगळे वॉर्डर टरकायचो तो आमच्यावरचा जमादार, पहिलं प्रेत बाहेर निघालं त्याच दुपारी "सासुरवाडीला जाऊन येतो" म्हणून निपाणीला गेला आणि सासऱ्याच्या तंबाखूच्या वखारीत दडी मारून बसला. बाकीचे वॉर्डर आजारी पडले, दोघे पळाले. उरलो अण्णा आणि मी. पेज शिजवा, भरवा, घाण काढा, मेलेल्याला उचला. अकरा जण गेले. अकराही जणांचं डोकं शेवटी अण्णाच्या मांडीवर होतं.

त्यानंतर अण्णा खचला. भाकरी पुढं ठेवली तर तशीच राहायची. काम तेवढं करायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. "अण्णा, काय हुतंय?" मी विचारलं. "काय न्हाय रं. रडू बी येत न्हाय, तेवढंच," तो म्हणाला. वेड्यांना सांभाळणाऱ्याचंही मन दुखणं धरतं, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. किल्ली देताना मात्र तो मेलेल्यांचीही नावं घ्यायचा, रिकाम्या खाटांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "समदी हायत." मी हात पुढं करून किल्ली घ्यायचो.

साथ ओसरली तसा जमादार परतला. अंगावर चांगलं मांस चढलं होतं. त्यानं अण्णाचं ते बोलणं ऐकलं आणि त्याला आयतंच सापडलं. पुण्याकडचे मोठे डॉक्टर तपासणीला येणार होते, आणि जमादार साथीत कुठं होता हे सांगण्याइतकं वजन एकट्या अण्णाच्या शब्दाला होतं. त्यानं आमच्या थकलेल्या डॉक्टरांना सांगितलं, "ह्येचं डोस्कं फिरलंय, मेलेल्यास्नी जित्ती म्हणतोय." डॉक्टरांनी सही केली. जमादारानं स्वतःच्या हातानं अण्णाच्या कमरेची किल्ली सोडली आणि रोग्याचा सदरा चढवून त्याला एका रिकाम्या खाटेवर बसवला.

"जमादार, त्यो येडा न्हाय, दमलाय," मी म्हणालो.

"खाटा अजून लई रिकाम्या हायत," तो म्हणाला.

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही, आणि तीसुद्धा मी जमादाराच्याच नावावर ठेवली आहे.

मोठे डॉक्टर आले. जमादार इस्त्रीचा कोट घालून किल्ली मिरवत होता. "साहेब, साथीत एक दिवस वॉर्ड सोडला न्हाय. रोज किल्ली ह्याच हातात." मी पुढं झालो. "माझी पाळी सुरू झाली, जमादार. रीतीनं द्या." साहेबांना गंमत वाटली. रीत कसली, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितली. "मग द्या की," साहेब म्हणाले.

जमादारानं पहिल्या चार खाटांची नावं बरोबर घेतली. पाचवी रिकामी होती. तो अडखळला. तिथं कोण होता आणि तो मेला की दुसरीकडं हलवला, हे त्याला कुठून ठाऊक असणार? घाईघाईत तो सवयीनं बोलून गेला, "समदी हायत."

मी हात पुढं केला नाही. "साहेब, हेच बोलला म्हणून ह्येंनी अण्णाला खाटंवर टाकलंय. मग ह्येंची खाट कंची?"

साहेबांनी जमादाराला मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव विचारलं. त्याला एकही सांगता आलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघताना मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांत त्याला काढलं. अण्णाला सोडलं, पण तो किल्लीला हात लावेना. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहायचा. जमादार ट्रंक घेऊन निघाला तेव्हा फाटकावर मीच होतो.

"उघड," तो म्हणाला.

"ऐकून जावा," मी म्हणालो, आणि पाचव्या खाटेपासून मेलेल्यांची नावं घ्यायला लागलो. सावकाश, टांगेवाल्यालाही ऐकू जाईल अशी. पहिलं नाव घेतलं आणि कट्ट्यावरून हळूच आवाज आला, "न्हाय." दुसरं घेतलं. "न्हाय," अण्णा म्हणाला. अकराव्या नावाला तो हमसून रडत होता. मी कडी काढली. जमादार कधी गेला ते मी पाहिलंही नाही.

खरं सांगतो, ती नावं मी अण्णासाठी घेतली नव्हती. त्या माणसाला मान वर करता येऊ नये म्हणून घेतली होती, आणि आज पुन्हा घ्यावी लागली तरी त्याचसाठी घेईन.

संध्याकाळी अण्णानं भाकरी मागून खाल्ली. मग माझ्यासमोर उभा राहून हात पुढं केला. मी खाटेमागून खाट नावं घेतली आणि म्हणालो, "अण्णा, अकरा न्हाईत. बाकीची हायत."

त्यानं किल्ली घेतली.