बोटं हलत होती

तिची बोटं हलत होती. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, तरी त्या दिवशी कुठल्याच कागदावर तसं लिहिलं नाही.

भोकरदन तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवायचा असला की अँब्युलन्समध्ये सोबत जाणं माझ्याकडे येतं. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत केदारखेड्याजवळ एक बाई भरलेल्या ट्रॉलीवरून पडली. तिशीतली, मजुरीला जाणारी. मार कंबरेच्या वर, मणक्यात होता. मी तिच्या पायांना हात लावला तेव्हा ती म्हणाली, "हालवून राह्यले ना सिस्टर, बघा." दोन्ही पायांची बोटं हलली.

अशा पेशंटला कडक फळीवर पट्ट्यांनी बांधून न्यायचं असतं. आमची फळी आधीच्या पेशंटबरोबर जालन्याला गेली होती, ती परत आलीच नव्हती. स्ट्रेचरच्या दोन पट्ट्यांपैकी एकीचं बक्कल तुटलेलं, दुसरी ऑक्सिजनच्या सिलिंडरला गुंडाळलेली. ड्रायव्हरनं हे तीनदा वर कळवलं होतं. मी तिला चादरीनं बांधलं. एका बाजूनं तिच्या जावेनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. राजूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी आदळली, गाठ सुटली आणि ती आमच्या हातातून घसरून कमरेत वाकली. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, "माझे पाय कुठं गेले?"

जालन्यात उतरवलं तेव्हा बोटं हलली नाहीत. तिथं कागदावर लिहिलं गेलं की ट्रॉलीवरून पडून मणक्याला इजा, दोन्ही पाय लुळे. आमच्या गाडीतला प्रवास त्या वाक्यात कुठंच नव्हता.

परत आल्यावर आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "लेखी देऊ नका. गाडीत तुम्ही होतात, तुमच्यावरच येईल." मी लेखी दिलं नाही. साहेबांचा राग आला तेवढाच स्वतःचाही आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढच्या फेरीपासून मी एक कागद सोबत ठेवायला लागले. पेशंट चढवताना कसा होता, उतरवताना कसा होता, पट्ट्या होत्या का, ऑक्सिजन जालन्यापर्यंत पुरला का, तिथं कुणी ताब्यात घेतलं आणि तोवर किती वेळ दारात थांबलो. पहिला महिनाभर मी फक्त वाईट फेऱ्या लिहिल्या. मेडिकल कॉलेजच्या एका प्राध्यापकबाईंना ते कागद दाखवले, तर त्यांनी ते सगळे बाजूला ठेवले. म्हणाल्या, रागानं निवडलेल्या फेऱ्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक फेरी लिहा, चांगलीसुद्धा, नाव न घालता. त्यांनी रीतसर परवानगी मिळवली. ड्रायव्हरनं दुसऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना तयार केलं. वर्षभर आम्ही लिहीत राहिलो.

कागदांतून जे निघालं ते लहान मुलालाही सांगता आलं असतं. पट्टी नसलेल्या गाडीत पेशंट घसरत होते. ऑक्सिजन वाटेत संपत होता, कारण निघताना सिलिंडरचा काटा कुणी बघतच नव्हतं. फळ्या जालन्यातल्या एका जिन्याखाली धूळ खात पडल्या होत्या. हे सिद्ध करायला वर्ष लागलं, या विचारानं आजही माझं डोकं तडकतं.

हे सगळं जिल्ह्याच्या बैठकीत मांडलं, तेव्हा एका अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? प्राध्यापकबाईंनी शांतपणे परवानगीचं पत्र पुढं केलं. आता निघण्याआधी गाडीची तपासणी होते, पट्ट्या आल्या, दिलेल्या फळीच्या बदल्यात जालन्यातून लगेच दुसरी मिळते. परिपत्रकात या बदलांचं श्रेय प्रशासनाच्या पुढाकाराला दिलंय. ट्रॉलीवरून पडलेल्या त्या बाईचा त्यात उल्लेख नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. ती चाकाच्या खुर्चीत बसून तूर निवडत होती. मी सांगितलं की गाडीत चढवताना तुमची बोटं हलत होती, चूक आमच्या गाडीत झाली आणि मी गप्प बसले. माझ्या सहीचा जबाब तिच्या हातात दिला, कुठं दाखल करायचा तेही समजावलं. माझ्यावर कारवाई झाली तर होऊ दे, असं ठरवूनच गेले होते.

तिनं कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

"मला ठावं व्हतं, सिस्टर," ती म्हणाली. "दवाखान्यात समद्यांनी ट्रॉलीचंच इचारलं. गाडीचं कुणी इचारलंच न्हाई."

मग तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि मला बसा म्हणाली नाही.