चौकशीला आलेला माणूस

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं तर अर्ज मार्चच्या आधी टाकायचा, कारण तिकडच्या शाळा सप्टेंबरात उघडतात आणि माणसं निवडायला त्यांचे अधिकारी आपल्याकडे उन्हाळ्यात येतात. दाखल्यांच्या प्रती साक्षांकित करून ठेवायच्या, शाळेकडून अनुभवाचं पत्र भलतंच कारण सांगून मिळवायचं आणि पासपोर्ट सगळ्यात आधी काढायचा. हे सगळं आता मला पाठ आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मुलुंडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा, यातलं अर्धंच माहीत होतं.

नोकरी तात्पुरती होती. मला कायम करण्याची गोष्ट दर जूनमध्ये निघायची आणि दिवाळीपर्यंत विरून जायची. अशात पेपरात जाहिरात आली: नायजेरियातल्या सरकारी शाळांना इंग्रजीचे शिक्षक हवेत. मला जायचं होतं. फार जायचं होतं. गावच्या एस.टी.पलीकडे मी प्रवास केला नव्हता, आणि त्याच शिक्षकखोलीत, त्याच खुर्चीवर म्हातारी होण्याची मला धास्ती वाटत होती.

घरी मी आणि बाबा, दोघंच. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा जकात नाक्यावरून कारकून म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म ट्रकवाल्यांवर संशय घेण्यात गेला. कागदावर बटाटे लिहिलेत ना, मग ताडपत्रीखाली दुसरंच काहीतरी असणार, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. निवृत्तीनंतरही नाका सुटला नाही. दूधवाला, गॅसवाला, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांना आधी बाजूला उभं करून तपासणी व्हायची.

जाहिरात वाचून ते म्हणाले, "माका ह्या बरा दिसणा नाय. आधी हापिस बघूया, मगे पासपोर्टाचा बघू."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. परदेशी नोकरीच्या नादात फसलेली माणसं आमच्या आजूबाजूलाच होती. मुंबई विमानतळापर्यंत पोचून, गळ्यातले हार काढून परत आलेला एक जण तर आमच्याच गल्लीत राहत होता. म्हणून मी पासपोर्टचा हट्ट सोडला आणि आम्ही अंधेरीला, जाहिरात देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात गेलो. टेबलं नवीन, भिंती नवीन, आणि बसतो न बसतो तोच चहा आला. बाबांनी कपाला हात लावला नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "खरा हापिस माणसाक आधी बसवून ठेवता. चाय कोण देता? ज्याका काय तरी काढूचा असता तो."

मी हसले, पण मनात पाल चुकचुकलीच.

नंतर ते एकटेच दोनदा अंधेरीला जाऊन आले. खालच्या वॉचमनला विचारलं, शेजारच्या दातांच्या डॉक्टरला विचारलं. मग दिल्लीच्या वकिलातीला पत्र पाठवायला लावलं. ते मीच इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं: निवडसमिती खरी आहे, येणार आहे. बाबांनी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला, शिक्का नखाने खरवडून पाहिला आणि मला परत दिला.

मुलाखत झाली. तिकडच्या साहेबांनी मला एक धडा शिकवून दाखवायला सांगितला, आणि माझी निवड झाली. त्या दिवशी मी आनंदाने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले असते. बाबांनी वाटू दिले नाहीत. "विमानात बसल्याशिवाय कोणाक सांगू नको." शेजारीपाजारी मात्र ते स्वतः फिरून आले. कोणी अनोळखी माणूस माझी चौकशी करत आला तर तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद देऊन.

मग मे महिन्यात कुठे पासपोर्टचा अर्ज गेला. जुलै निम्मा उलटला तरी पत्ता नाही. शेवटी शाळेत पोटदुखीचं निमित्त करून पासपोर्ट ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आतल्या बाईंनी फाईल उघडली. "पोलिसांचा अहवाल आलाय. या पत्त्यावर राहत नाहीत. लग्न होऊन गेल्या."

माझ्या पर्समध्ये त्याच पत्त्याचं रेशनकार्ड होतं. लग्नाचा तर कशातच पत्ता नव्हता. नव्याने चौकशी व्हायला काही महिने लागतील, असं बाई म्हणाल्या, आणि मला समजलं की माझी वाट लागली. निवडलेली मंडळी ऑगस्टमध्ये निघणार होती.

परतताना मला सगळ्यांचा संशय आला. मुख्याध्यापिकेला कुणकुण लागली असणार. नाहीतर अंधेरीवाल्याने माझी जागा दुसऱ्या कोणाला विकली असणार. नाहीतर मजल्यावरच्या कोणीतरी बाबांची ताकीद नको इतकी मनावर घेऊन पोलिसालाच वाटेला लावलं असणार. बापाचीच लेक मी.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्यांना थेटच विचारलं, पासपोर्टच्या चौकशीला कोणी आलं होतं का?

"मी काय बोलले नाय हां," काकू म्हणाल्या. "बाबांनी बजावलं होतं ना तुझ्या, म्हणून गप्प राहिले. पण लग्न ठरलं तुझं, आम्हाला सांगायचं तरी ना गं!"

"कोण म्हणालं?"

"बाबाच म्हणाले त्या पोलिसाला. साध्या कपड्यांत होता, पण त्याने कार्ड दाखवलं ना! बाबांनी आतून चष्मा आणला, नीट वाचलं, पालथं करून बघितलं. मग म्हणाले, मुलगी लग्न होऊन गेली, आता इथे नाय राहत."

घरात बाबा जमिनीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते. चपलाही न काढता मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"बाबा, त्या माणसाचं कार्ड खोटं वाटलं का तुम्हाला?"

मला 'हो' ऐकायचं होतं. ते हो म्हणाले असते तर मी आदळआपट केली असती, दोन दिवस बोलले नसते आणि मग सोडून दिलं असतं.

"नाय," ते म्हणाले. "कार्ड खरा होता."

"मग?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "अंधेरीचा हापिस खरा निघाला. दिल्लीचा पत्र खरा निघाला. ते साहेब पण खरे. आणि आता दारात इलो तो माणूस पण खरोच." हातातली आठळी सोलून झाली होती, तरी ते तिला नख लावत राहिले. "मगे मी काय करूचा, गो?"