तिसरं नाव पांढरं

पेंटरकाका कागदावर असेल तेच रंगवायचे. क्रिकेट संघटनेच्या सचिवांनी चिठ्ठी दिली: ‘तिरंगी मालिका’, खाली तीन देशांची नावं. तिरंगी म्हणजे तीन रंग, यात विचारायचं काय? काकांकडे तीनच डबे होते. पहिलं नाव लाल, दुसरं हिरवं, आपलं पांढरं. भिंतही पांढरीच होती.

सचिवांनी कपाळाला हात लावला. “काका, आपला संघ कुठाय?”

“आहे की. जवळून बघा.”

धुतलेला ब्रश त्याच कामाला पुन्हा बुडवायचा नाही, हा काकांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नाव तसंच राहिलं.

आपला संघ चारही सामने हरला. फायनलच्या सकाळी सचिव पडेल चेहऱ्याने आले. “काका, आपलं नाव तेवढं पुसून टाका.”

काकांनी चहाचा घोट घेतला. “साहेब, ते काम मी आधीच करून ठेवलंय.”