सर्व काँक्रीट पृष्ठभाग

एकतीस वर्षांच्या नोकरीत सुईताईंनी साहेबांवर आवाज चढवला तो एकदाच, आणि तोही रंगावरून. माणसं बढतीवरून भांडतात, बदलीवरून भांडतात, कँटीनच्या चहावरून तर रोजच भांडतात. पण ऑइलपेंटचे दोन हात दिले म्हणून कुणी साहेबाच्या टेबलावर रजिस्टर आपटल्याचं त्या संस्थेत आधी कधी घडलं नव्हतं.

संस्था सरकारी. घरं, पूल, छतं कशी कोसळतात ते आधी प्रयोगशाळेत पाहून घ्यायचं, म्हणजे बाहेर माणसांच्या डोक्यावर कोसळणार नाहीत, हे तिचं काम. काम सोन्यासारखं, पण कारभार असा की ट्यूबलाइट बदलायला तीन सह्या लागायच्या आणि तिसरी सही करणारा कायम दौऱ्यावर असायचा. सुईताई इथे रोजंदारीवर वाळू चाळायला लागल्या. मग काँक्रीटचे ठोकळे ओतायला, मग ते मशीनखाली फोडायला, आणि शेवटी मोजमापाच्या कामावर. डायलची सुई कुठे आहे हे त्यांनी सांगितलं की पुन्हा कुणी पाहायला जात नसे. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. स्वभावानं कडक, तोंडाचा पट्टा चालू झाला की आवरायला कठीण, आणि चुकीचा आकडा दिसला की जेवण न जाणारी बाई.

भांडण झालं त्या वर्षी मोठ्या हॉलमध्ये दोन पट्ट्या मांडल्या होत्या. पट्टी म्हणजे छताचा लांबट तुकडा. तीन मीटर लांब, दोन्ही टोकांना टेकू, मधे अधांतरी, आणि वरून लोखंडी वजनं लादलेली. एक पट्टी नेहमीच्या काँक्रीटची, दुसरी मॅडमच्या. मॅडम म्हणजे तिशीतली शास्त्रज्ञ, करारावर आलेली. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा दळून, त्यात भट्टीतली राख मिसळून तिनं निम्म्या सिमेंटात काँक्रीट करून दाखवलं होतं. ठोकळे फोडून झाले, ताकद भरपूर निघाली. आता प्रश्न एकच उरला होता: अंगावर ओझं घेऊन वर्षभर राहिलं तर हे काँक्रीट खाली किती वाकतं? छत वाकलं की तडे, तड्यातून पाणी, पाण्यानं आतलं लोखंड गंजतं, आणि खाली शाळेची बाकं असतात. अट अशी होती की वर्षाच्या शेवटच्या दिवशी पट्टीच्या मध्याचा वाक बारा मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. राहिला, तर तीनशे शाळांची छतं या काँक्रीटची होणार. नाही राहिला, तर छतं नाहीत, पुढचा निधी नाही आणि मॅडमची नोकरीही नाही.

म्हणून सुईताई रोज दहाच्या ठोक्याला बुटक्या स्टुलावर बसून पट्टीखालची डायल वाचायच्या आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायच्या. पाच महिने हे सुरळीत चाललं, आणि सरकारी जागेत काही सुरळीत चाललं की कुणाच्या तरी डोळ्यावर येतंच.

निधी देणारी समिती भेटीला येणार होती. साहेब म्हणजे विभागप्रमुख, माणूस वाईट नाही, पण पाहुणा येणार म्हटलं की त्यांना आधी भिंती दिसायच्या. त्यांनी वर्कऑर्डर काढली: ‘हॉलमधील सर्व काँक्रीट पृष्ठभाग स्वच्छ करून त्यांस ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत.’ मोठ्या साहेबांची सही, लेखा विभागाचा शिक्का, सगळं एका दिवसात. ट्यूबलाइटला कधी मिळाला नाही असा वेग.

सोमवारी सुईताई हॉलमध्ये शिरल्या आणि दारातच थांबल्या. भिंती, खांब, ओटे, सगळं फिकट निळं चकचकीत. आणि त्या दोन पट्ट्याही. पेंटर डबे आवरत होता.

“ताई, खालच्या बाजूला पाठीवर झोपून रंग दिलाय,” तो कौतुकानं म्हणाला. “वजनांना धक्का नाही, आणि तुमच्या घड्याळावर एक थेंब पडू दिला नाही.”

सुईताईंनी कपाळावर हात मारला. या माणसाला काय बोलणार? वर्कऑर्डरमध्ये ‘सर्व’ लिहिलं होतं आणि त्यानं सर्व केलं होतं. उलट इतकं चोख काम त्या इमारतीत बऱ्याच वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्या रजिस्टर उचलून तडक साहेबांकडे गेल्या.

“किती प्रसन्न वाटतंय ना हॉलमध्ये?” साहेब म्हणाले.

“साहेब, काँक्रीट आतलं पाणी वर्षभर हवेला देत असतं. जसजसं वाळतं तसतसं वाकतं. आपण तेच तर मोजतोय. तुम्ही त्याचं नाक-तोंड बांधून टाकलंत!”

“अहो, पण दोन्ही पट्ट्यांना सारखाच रंग आहे ना? मग तुलना बरोबरच राहील.”

हेच ते वाक्य. रजिस्टर टेबलावर आपटलं, पेनस्टँड आडवा झाला, आणि बाहेरच्या कारकुनानं टायपिंग थांबवलं.

“तीनशे शाळांच्या छतांना वरून, खालून, चारी बाजूंनी ऑइलपेंट कोण देणार आहे? तुम्ही जाणार आहात ब्रश घेऊन?”

साहेबांनी पेनस्टँड सरळ केला आणि म्हणाले, समिती जाऊ दे, मग बघू. हे ‘मग बघू’ सुईताईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्याच्या पोटात जे जातं ते पुन्हा बाहेर येत नाही. समिती आली, पट्ट्यांवरून हात फिरवला, एकानं रंगाचा नंबरही लिहून घेतला, आणि सगळे चहाला गेले.

आणि सुई थांबली. रंग दिला त्या दिवशी मॅडमची पट्टी नऊ पूर्णांक ऐंशीवर होती. सात आठवड्यांनी नऊ पूर्णांक शहाऐंशी. साहेबांनी आलेख काढला, फूटपट्टीनं रेघ पुढे ओढली आणि जाहीर केलं की वर्षअखेर आकडा दहाच्या आसपास राहील, म्हणजे पास, तेही दणक्यात. सुईताई रोज आकड्याशेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहायच्या: ‘पट्टी रंगवलेली आहे.’ साहेबांनी सुचवलं की रजिस्टर जरा मळलंय, नव्यात सुवाच्य अक्षरात उतरवून काढा, शेरे काही उतरवायला नकोत. सुईताई म्हणाल्या, “मळलेलंच बरं आहे.”

खरी चीड त्यांना मॅडमची आली. तिला हे सगळं कळत होतं, सुईताईंपेक्षा जास्त कळत होतं, आणि ती मूग गिळून गप्प होती. एका दुपारी सुईताईंनी तिला हॉलच्या कोपऱ्यात गाठलं.

“मॅडम, तुमचं काँक्रीट आहे. तुम्हीच बोलला नाहीत तर कोण बोलणार?”

“काय बोलू, ताई? तीन वर्षं राडारोडा चाळलाय मी. नाकातली धूळ अजून गेली नाही. आता ते पास होतंय तर मीच जाऊन नापास करा म्हणू?”

“नापास होईल असं कोण म्हणतंय? माझं मन सांगतंय, आतच राहील. पण राहू दे ना ते स्वतःच्या पायावर!”

घरी सुईताईंनी भांडी आदळत सगळं नवऱ्याला ऐकवलं. नवरा बसचा ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. तो भाजी निवडत ऐकत होता.

“अगं, तुझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले. कशाला उगाच विकतचं दुखणं घेतेस?”

“अहो, सही माझी आहे रोजची!”

“मग रंग काढ की. बोंब कसली मारतेस?”

नवऱ्याचं बोलणं इतकं सोपं होतं की त्याचाही राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला: दोन्ही पट्ट्यांवरचा रंग काढण्यास परवानगी मिळावी. बांधकाम शाखेकडून चक्क तीन दिवसांत उत्तर आलं. ‘सदर हॉलचे रंगकाम नुकतेच झाले असल्याने पाच वर्षांपर्यंत पुन्हा रंगकाम करता येणार नाही.’ सुईताईंनी ते तीनदा वाचलं. मग जाऊन सांगितलं की रंग द्यायचा नाही, काढायचाय. शाखेतला बाबू म्हणाला, काढण्याचा फॉर्म नाही, देण्याचाच आहे. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांनी विचारलं, साफसफाईला परवानगी लागते का? बाबू म्हणाला, छे, साफसफाई रोज करायलाच पाहिजे, परिपत्रकच आहे.

सुईताईंनी साफसफाई काढली. बातमी पेंटरला कुठून तरी कळली आणि तो आपलं स्क्रॅपर, पॉलिश पेपर घेऊन स्वतःहून आला. चेहरा अगदी उतरलेला.

“ताई, मला कुणी सांगितलं असतं तर मी हात लावला नसता हो.”

“तुला कोण सांगणार? मला तरी कुठे सांगितलं?”

रंग घालवायचं द्रावण वापरता येत नव्हतं, ते आत मुरलं असतं. ठोकता येत नव्हतं, पट्टी हादरली असती. दोघं पट्ट्यांखाली पाठीवर झोपून बोटाएवढी जागा करत पुढे सरकायचे. डोळ्यांत निळा भुगा, मानेला रग, आणि वर, छातीपासून हातभर अंतरावर, लोखंडी वजनं. तिसऱ्या दिवशी मॅडम जुना ड्रेस घालून आली, पलीकडच्या टोकाला आडवी झाली आणि घासायला लागली. सुईताईंनी तिच्याकडे बघून नुसतं ‘हं’ केलं. साहेब दारात येऊन उभे राहिले. साफसफाईला नाही कसं म्हणायचं ते त्यांना सुचेना, म्हणून परत गेले.

नऊ दिवस लागले. आणि पुढच्या आठवड्यापासून सुई पुन्हा चालायला लागली. सुईताईंना इतका आनंद झाला की त्या “वाकली! वाकली!” म्हणत मॅडमच्या खोलीत शिरल्या. मॅडमचा चेहरा पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही काही पेढे वाटायची बातमी नव्हे.

दहा, साडेदहा, अकरा. नेहमीच्या काँक्रीटची पट्टी दहाच्या आतच मंदावली. मॅडमची चालत राहिली. साडेअकराच्या पुढे गेली तेव्हापासून सुईताईंची झोप उडाली. एकीकडे आपण बरोबर होतो याचं समाधान, आणि दुसरीकडे त्या भुग्यात घासत पडलेली ती पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. साहेब आता मुद्दाम विचारायचे, “काय ताई, कुठवर आली तुमची सुई?” आणि सुईताईंना वाटायचं, बारा ही रेघ जरा पुढे असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? मग स्वतःचाच राग यायचा.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दहा वाजता तिघं हॉलमध्ये होती. सुईताई स्टुलावर बसल्या, वाकल्या, बराच वेळ पाहिलं.

“अकरा पूर्णांक नव्याण्णव,” त्या म्हणाल्या, आणि लिहूनही टाकलं.

साहेबांनी टाळीच वाजवली. “झालं! तीनशे शाळा!”

मॅडम हसली, पण जागची हलली नाही. “ताई, मी एकदा बघू?”

“बघा की.”

मॅडम फरशीवर गुडघे टेकून डायलसमोर बसली. श्वास रोखून पाहिलं. उठली नाही. पुन्हा पाहिलं.

“ताई, बारा पूर्णांक शून्य एक आहे.”

“नाही हो, मॅडम. नव्याण्णव.”

“तुम्ही उजवीकडून बघताय. स्टूल उजवीकडे सरकलंय तुमचं. डायल बाजूनं पाहिली की सुई मागे दिसते. समोरून बघा.”

सुईताईंनी स्टुलाकडे पाहिलं. ते रोजच्या जागेपासून चांगलं वीतभर बाजूला होतं, आणि आज ते कुणी हलवलेलं नव्हतं. चार दिवस त्या तिथेच बसत होत्या. त्यांनी स्टूल समोर ओढलं आणि बघितलं. सुई बाराच्या रेघेपलीकडे होती. एक बारीक घर, मिलिमीटरचा शंभरावा भाग, पण पलीकडे.

साहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी सुईताईच तडकल्या.

“मॅडम, तुमच्या-माझ्या आकड्यात दोन रेघा आहेत फक्त! केसाच्या जाडीएवढ्याही नाहीत! मी लिहिलं होतं ना, सही माझी होती ना, मग तुम्हाला बघायची काय गरज होती? दोन रेघांनी काय छत पडतंय?”

साहेब चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. जे वाक्य ते बोलणार होते ते शब्दशः त्यांच्या आधी बोलून झालं होतं.

“मधले सात आठवडे पट्टी रंगाखाली झोपली होती, ताई,” मॅडम हळूच म्हणाली. “ते धरले तर दोन रेघा नाहीत. बऱ्याच आहेत.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

सुईताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग आधीचा आकडा आडव्या रेघेनं खोडला, खाली बारा पूर्णांक शून्य एक लिहिलं आणि रजिस्टर मॅडमपुढे सरकवलं.

“आजची सही तुमची,” त्या म्हणाल्या. “वाचलंत तुम्ही.”