पग अंदर वाळो

माझं माहेर बडोद्यातलंच, रावपुऱ्यातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. ह्यांचं तसं नाही. हे साताऱ्याकडचे. इथून जवळच्या सावली गावातल्या कारखान्यात नोकरीला आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. गुजराती उत्तम येतं. भाजीवाल्याशी तर माझ्याहून सरस घासाघीस करतात. म्हणून जे झालं ते मला आधी खरंच वाटेना.

ह्यांचा उजवा खुबा झिजला. सुरुवात अगदी साधी होती. स्कूटरवरून उतरताना पाय अडकायचा. रिक्षात आधी टेकायचे आणि मग पाय हाताने उचलून आत घ्यायचे. मी म्हणायची, आळस अंगात मुरलाय. मग डॉक्टरांनी त्यांना उताणं निजवलं, गुडघा दुमडून धरला आणि मांडी आतल्या बाजूला वळवून पाहिली. डावी वळली. उजवी पावसात फुगलेल्या दारासारखी जागच्या जागी अडली. खुब्याचं हे आतलं वळणच बहुधा आधी जातं, असं ते म्हणाले. सांधा बदलायला हवा, पण ह्यांचं हृदय भूल सोसण्यासारखं नाही. तेव्हा व्यायाम करा, नाहीतर आधी काठी आणि मग खाट. हे सगळं त्यांनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं. मला त्या माणसाचा राग आला, अजून आहे.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी आमच्या फतेगंजच्या घरी येऊ लागली. गुजराती, हसतमुख, पण कामाला पक्की. तिने मला समजावलं की मांडी आत वळवण्यासाठी वेगळा राखून ठेवलेला असा स्नायू नसतोच. कमरेच्या बाजूचे जे स्नायू चालताना एका पायावर अंग सावरतात, तेच जाता जाता हेही काम करतात. मला लगेच पटलं. घरात ज्या कामाला कोणी धनी नाही, ते काम आधी बंद पडतं. त्यात आणखी एक घोळ असा की निजून गुडघा दुमडला असला, तर मांडी आत वळताना पाऊल बाहेर जातं. हे नेमकं पाऊल आत ओढायचे. मी ओरडायची.

पहिले काही दिवस त्यांनी जीव तोडून केलं. मग अंगच काढून घेतलं. ती आली की भिंतीकडे बघत पडायचे, पाय तिच्या हातात देऊन टाकल्यासारखा. ती गेली की चिडचिड. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एका दुपारी माझा संयम सुटला. म्हटलं, तुम्हाला बरं व्हायचं नसेल तर तसं सांगा, मी त्या पोरीला तरी मोकळी करते.

तेव्हा ते म्हणाले, "ती रोज माझ्या पायाला शाप देते आणि तू तिला चहा पाजतेस."

मला काही कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. ती म्हणायची, "काका, पग अंदर वाळो." गुजरातीत पग म्हणजे पाय, आणि वाळो म्हणजे दुमडा, वळवा. आणि आपल्याकडे जळो, मरो, तसंच वाळो. पाय वाळो. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. हे हसले नाहीत.

"अर्थ कळतो गं मला," ते म्हणाले. "पण निजून ऐकायला लागलं की कान मराठीच होतात."

त्यांच्या मांडीकडे मी तेव्हा नीट पाहिलं. ती खरंच बारीक झाली होती. मग मला हसल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. ती बिचारी कानकोंडी झाली. मराठी शब्द शिकून घेतला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाली, "काका, पाय आत वाळवा." वळवाचं वाळवा केलं, म्हणजे आता पाय उन्हात टाकायचा. मी कपाळाला हात लावला. पण त्यावर मात्र हे हसले, कितीतरी दिवसांनी, आणि पुन्हा नेटाने व्यायामाला लागले. ती चुकून वाळो म्हणाली की ते खोटंखोटं डोळे वटारायचे. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

आली नव्हती. पाऊल बाहेर जायचं ते जेमतेम, आणि हळूहळू तेही थांबलं. परवा तिने नेहमीसारखा गुडघा दुमडून धरला, टाच तळहातावर घेतली. ह्यांचा चेहरा जोर लावून लाल झाला. पाऊल जागचं हललं नाही. ती वाळो म्हणाली नाही, वळवाही म्हणाली नाही. थोडा वेळ टाच तशीच धरून बसली आणि मग पाय हळूच खाली ठेवला. चहा न घेता गेली.

संध्याकाळी मी ह्यांच्या खुर्चीशी भाजी निवडत होते. बराच वेळ ते खाली रस्त्यावरच्या स्कूटर बघत होते.

"आज ती काहीच बोलली नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, घाईत असेल.

"उद्या तिला सांग, वाळो म्हण. गप्प नको बसू म्हणावं."