चार पायांची चार मापं

"विकत कशाला? आपल्याकडे आहे."

काकांचं हे वाक्य कानावर पडलं की समजावं, आपला आठवडा गेला. ती वस्तू त्यांच्याकडे खरंच असायची. फक्त ती कुठल्या ट्रंकेत आहे ते त्यांना आठवायचं नाही, आणि सापडली की तिचं काहीतरी मोडलेलं असायचं. तुमच्याही गल्लीत असे एखादे गृहस्थ असतील. नसतील तर तुमची कामं वेळेवर होत असतील.

इथे गंगेकाठी, मंगला गौरीच्या देवळाजवळ जी थोडी मराठी घरं उरली आहेत, त्यांतलं आमच्या समोरचं घर त्यांचं. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. बायको वारलेली, मुलगा नागपूरला. माझ्या सासऱ्यांचे ते मित्र, म्हणून मी त्यांची सूनबाई.

मी एका शाळेत बरीच वर्षं हस्तकला शिकवली. मग शाळेने तो विषय बंद केला आणि विषयाबरोबर मलाही. त्याच उन्हाळ्यात एका वेदपाठशाळेच्या शास्त्रीजींनी विचारलं, पोथी ठेवायचे लाकडी, घडीचे स्टँड करून द्याल का? पंचवीस हवेत, नवरात्राच्या आधी. "पहिली खेप नीट आली तर पुढचं कामही तुमच्याकडेच. नाहीतर आमचा जुना सुतार आहेच," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला आवडलं ते. नव्या शाळांमधून अर्ज घेऊन फिरायची माझी इच्छा नव्हती, त्यामुळे हे काम हातचं जाऊ द्यायचं नाही एवढं ठरवलं.

घराच्या तळमजल्यावर एक खोली होती, गल्लीपेक्षा दोन पायऱ्या खाली. तिथे वर्कशॉप करायचं ठरलं. खर्च शाळेने शेवटी जे पैसे हातावर ठेवले तेवढ्यातच भागवायचा होता. मी यादी केली आणि लोहटियाच्या बाजारात निघाले. काका दारातच बसले होते.

"कुठे चाललीस सूनबाई?"

"हातड्रिल आणायला."

"विकत कशाला?"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ड्रिल तिसऱ्या दिवशी निघालं. त्याच्या चाकाचा एक दात तुटलेला होता. काकांनी लोखंडाचा तुकडा घेऊन नवा दात घासायला सुरुवात केली. रोज सकाळी मी विचारायची, "झालं का?" आणि ते म्हणायचे, "बस, थोडंसं राहिलंय. जल्दी काय आहे?" जल्दी मला होती. शास्त्रीजींनाही होती. दात बसला तेव्हा ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं चाललं हे कबूल करते. पण तोवर बारा दिवस गेले होते.

लाकूड घट्ट धरायचा शेगडा, ज्याला इकडे बांक म्हणतात, तोही त्यांच्याकडूनच आला. त्याचा एकच जबडा शाबूत होता. मी चिडून म्हटलं, "काका, अर्ध्या तोंडाचा बांक काय कामाचा?"

"अगं, अर्धं काम तर झालंय," ते म्हणाले. "उरलेलं अर्धं आपण करू."

मी एकदा गुपचूप बाजारातून पटाशी आणली. त्यांनी ती अंगठ्यावर फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ह्याने लोणचं काढ बरणीतून." दुसऱ्या दिवशी दगडावर घासून मला परत दिली. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

सगळ्यात वेळ खाल्ला टेबलाने. काकांनी आपल्या घरचा जुना दरवाजा काढून आणला. त्याचा वरचा फळा झाला आणि त्यांच्या मोडक्या पलंगाचे पाय झाले. एकही स्क्रू मारायचा नाही, सगळे सांधे लाकडी पाचरांनी पक्के करायचे, हा त्यांचा हट्ट. "गंगामैया वर आली की अर्ध्या तासात खोलून वर नेता आलं पाहिजे." हे मला पटलं. पावसाळ्यात आमच्या मोरीतून पाणी उलटं येतं.

टेबल उभं केलं तर डुगडुगायला लागलं. काकांनी पाणसळ लावली. तिच्यातला बुडबुडा एका टोकाला पळाला. ती खोली पूर्वी धुण्याभांड्यांची होती, त्यामुळे फरशीला मोरीकडे मुद्दाम उतार दिलेला. मी म्हटलं, पायाखाली फळीचा एक तुकडा सरकवू.

"तुकडा सरकवून टेबल उभं राहतं सूनबाई. काम उभं राहत नाही."

मग चार पायांची चार मापं झाली. ते जमिनीवर पालथे पडून खडूने खुणा करायचे, केसाएवढं तासायचे, पुन्हा पाणसळ लावायचे. मी फळा धरून उभी. असे नऊ दिवस. शेवटी प्रत्येक पाय जिथे टेकवायचा तिथे त्यांनी फरशीवर लाल रंगाने गोल काढले. बुडबुडा मधोमध थांबला. काकांनी टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला आणि मला म्हणाले, "आता चालव रंधा." चहा सांडला नाही.

त्या टेबलावर माझे आठ स्टँड झाले. करवत सरळ जायची, घडी अलगद मिटायची. मनात म्हटलं, ठीक आहे, वेळ गेला पण जमेल.

तेवढ्यात नदी चढली. बालाजी घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या आणि एका सकाळी मोरी बुडबुडायला लागली. मी खाली गेले तर काका आधीच आत, घोटाभर पाण्यात, पाचरा ठोकून काढत होते. अर्ध्या तासात टेबल खोलून आम्ही माडीवर नेलं, पुन्हा जोडलं, आणि मी करवत लावली.

टेबल नावेसारखं डोलू लागलं.

उतारासाठी कापलेले पाय सपाट फरशीवर उभे होते. पाणी येणार म्हणून पाचरा केल्या, पण वर नेल्यावर त्या चार मापांचं काय होणार हे त्यांना सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं? पण त्या वेळी मी तेवढी न्यायी नव्हते. सतरा स्टँड बाकी, नवरात्र तोंडावर.

"काका, दुकानातलं साधं टेबल घेतलं असतं तर आज माझं काम चालू असतं," मी म्हणाले. "तुमच्या हौसेपायी हे काम त्या सुताराकडे जाणार."

त्यांनी वरच्या फरशीवर पाणसळ ठेवली, बराच वेळ बघितली. "फरशी बरोबर आहे," एवढं म्हणून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते करवत घेऊन. टेबल आडवं केलं. सर्वांत आखूड पायाच्या मापाने बाकीच्या तिघांवर रेघा मारल्या. पहिल्या रेघेवर करवत टेकवली आणि तशीच धरून बसले.  

"तू काप," म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांनी मला त्या पायांना हात लावू दिला नव्हता. मी तिन्ही पाय कापले. त्यांनी प्रत्येक कापावर बोट फिरवलं आणि फक्त म्हणाले, "सरळ आहे." टेबल तीन बोटं बुटकं झालं. त्याच्यावर काम करताना माझी कंबर आजही दुखते. पण ते हलत नाही.

पंचवीस स्टँड घटस्थापनेच्या दोन दिवस आधी तयार झाले. काकांनी त्यांतले सहा स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि गल्लीतल्या गाईंना बाजूला करत माझ्यापुढे चालले. शास्त्रीजींनी एकावर पोथी उघडून ठेवली, दाबून पाहिलं, घडी मिटली, पुन्हा उघडली.

"काम तर चांगलं आहे," ते काकांकडे बघून म्हणाले. "तुम्ही कारागीर का?"

मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "नाही, नाही. काम ह्यांचं. मी समोर राहतो."

पोथ्या ठेवायच्या पेट्यांचं काम त्याच दिवशी मिळालं. दिवाळीनंतर मुलगा काकांना नागपूरला घेऊन गेला. थंडी सरली की येतो, असं सांगून गेले. माघात एका दुपारी फोन आला. काकांच्या मुलाचा होता. मी नुकताच एका पेटीच्या कोपऱ्याला सरस लावला होता, आणि सांधा आवळून धरायच्या पकडी माझ्याकडे दोनच, त्या दुसऱ्या पेटीला लावलेल्या. हात सोडला असता तर सांधा उघडला असता. काका गेले, असं मुलगा सांगत होता, मी फोन मानेत धरून ऐकत होते. त्याचं बोलणं संपलं, फोन बंद झाला. सरस धरेपर्यंत मी तो कोपरा दोन्ही हातांनी दाबून उभी राहिले.