आधी कोणती जोडी

माझ्या वहिनीने आयुष्यभर, ज्यांना गणित नको होतं त्यांनाच गणित शिकवलं. आमच्या कॉलेजात भाषा, इतिहास, चित्रकला घेणाऱ्या मुलांना गणिताचा एक विषय सक्तीचा होता. तो शिकवायला गणित विभागातलं कुणी तयार होईना. त्यांना त्यात कमीपणा वाटायचा. म्हणून वहिनीला घेतलं, तेही त्या एका विषयापुरतं. विषय आहे तोवर नोकरी. मी तिथेच ऑफिसात कामाला, त्यामुळे हे सगळं मला उघड्या डोळ्यांनी बघावं लागलं.

तिला वर्ग मिळाला तो मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "कवींना बेरीज शिकवून काय दिवे लावणार?" पण ती हट्टाला पेटलेली. पुस्तकातली रटाळ उदाहरणं तिने गुंडाळून ठेवली आणि मुलांना सहलीचं गणित घातलं. समुद्र, डोंगर की जंगल? वर्गाचे तीन गट, प्रत्येकाची आवड वेगळी. दोन-दोन जागांची जोडी लावून हात वर करायला सांगायचं, हरलेली जागा बाद. आधी समुद्र की डोंगर विचारलं, तर शेवटी जंगल जिंकायचं. आधी डोंगर की जंगल विचारलं, तर समुद्र. मुलं तीच, आवडी त्याच. "विचारणारा कोण आहे ते आधी बघा," ती म्हणायची. हा धडा तिने घरी इतक्यांदा घोकला होता की पोळ्या लाटताना मलासुद्धा तोंडपाठ झाला.

तिच्या पहिल्याच वर्गात एक मुलगा होता. कविता करायचा, म्हणून सगळे त्याला कवी म्हणायचे. गणिताच्या नावाने त्याला घाम फुटायचा. वहिनीने त्याला घरी बोलावून शिकवलं, जेवू घातलं, कसाबसा पास करवला. मला तो तेव्हाही आवडायचा नाही. फार गोड बोलायचा. पुढे तो भाषा विभागाचा प्रमुख झाला, मग अभ्यासक्रम समितीचा अध्यक्ष. वहिनीला आनंद मावेना. आपला माणूस वर बसलाय, असं तिला वाटलं.

मग समितीपुढे तिच्या विषयाचा प्रश्न आला. तीन पर्याय होते: गणित ठेवायचं, त्याऐवजी कॉम्प्युटर शिकवायचा, किंवा ते तास सरळ भाषा विभागाला द्यायचे. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. वहिनी भिंतीशी, मत नसलेल्यांच्या खुर्चीत.

"एकेक जोडी घेऊ," कवी म्हणाला. "आधी गणित की कॉम्प्युटर?"

वहिनीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. माझंही पेन थांबलं. भाषावाल्यांना गणिताचा तिटकारा, त्यांनी कॉम्प्युटरवाल्यांच्या बरोबरीने हात वर केले. गणित बाद. मग कॉम्प्युटर की भाषा? गणिताच्या बाजूची जी माणसं होती, त्यांना कॉम्प्युटर डोळ्यांसमोर नको होता. गणित नाही तर कॉम्प्युटरही नको, म्हणून त्यांनी भाषांना मत दिलं. झालं. सगळे तास कवीच्या विभागाला. आधी कॉम्प्युटर की भाषा असं विचारलं असतं, तर कॉम्प्युटर बाद झाला असता, आणि मग भाषांपुढे गणित जिंकलं असतं, कारण कॉम्प्युटरवाल्यांना भाषांपेक्षा गणित परवडलं असतं. तीच माणसं, तेच हात.

माझं डोकं फिरलं. मी वहिनीकडे वाकून म्हटलं, ऊठ, बोल, सांग यांना. ती बसून राहिली. नियमाला धरूनच झालंय सगळं, म्हणाली. कॉम्प्युटरवाले तर अजून एकमेकांना विचारत होते की आपण नेमके हरलो कधी. चांगली शिकलेली माणसं, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. कलाशाखेला गणित कशाला, हे तीच माणसं विचारत होती.

सभा उठली. कवी तिच्याजवळ आला, हात जोडून, तसाच गोड.

"बाई, राग नाही ना? बहुमतापुढे माझं काय चालणार?"

वहिनी पर्स आवरत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं ते पेपर तपासताना बघायची तसं.

"परीक्षेत हाच प्रश्न तू कोरा सोडला होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळलंच नाही."

त्याचे जोडलेले हात खाली आले. वहिनी आपल्या खोलीतला डस्टर घ्यायला गेली. तो तिने घरून आणलेला होता.